मावशी म्हणते, मी अजून जिवंत आहे गं

सांगली जिल्ह्यातल्या एका मैत्रिणीचं (वय ५७) सात पानी पत्र आलं आहे. ओळख पटेल असे तपशील गाळून त्यातला मजकूर थोडक्यात असा.

या मैत्रिणीची मावशी आज ८१ वर्षांची आहे. १९६२ साली, अठराव्या वर्षी तिचं लग्न झालं. नवरा प्यायचा, मारायचा. चार वर्षांनी ती दोन वर्षांच्या मुलीला कडेवर घेऊन माहेरी आली, तर वडिलांनी 'दिल्या घरी सुखी राहायचं असतं' म्हणत दोनदा परत पाठवलं. तिसऱ्या वेळी ती माहेरी गेलीच नाही. थोरल्या बहिणीकडे, म्हणजे पत्र लिहिणाऱ्या मैत्रिणीच्या आईकडे आली. तिथं राहून नर्सिंग शिकली, मिरजेत नोकरी केली आणि १९७३ च्या जानेवारीत पर्समध्ये ८ डॉलर घेऊन शिकागोला गेली. मुलगी तेव्हा नऊ वर्षांची होती. 'दोन वर्षांत बोलावून घेते' असं ठरलं होतं, पण बापानं कागदांवर सही दिली नाही. सहा-सात वर्षांनी मार्ग निघाला तेव्हा मुलगी दहावीत होती आणि तिनंच जायला नकार दिला. या मुलीला पत्रात 'अक्का' म्हटलं आहे. अक्का मावशीच्या बहिणीकडेच वाढली, गावच्या शाळेत शिक्षिका झाली आणि तिथूनच मुख्याध्यापिका म्हणून निवृत्त झाली.

शिकागोच्या इस्पितळात ३१ वर्षं काढून मावशी निवृत्त झाली, तेव्हा तिनं याच शाळेला मुलींसाठी दोन खोल्या बांधून दिल्या. यंदा डिसेंबरात ती दोन महिन्यांसाठी येणार आहे, बहुधा शेवटचं. शाळेच्या सभागृहात तिचं मोठं तैलचित्र लावावं, असं मैत्रिणीच्या मनात आलं. कोल्हापूरच्या एका चित्रकारांना २५ हजार आगाऊ दिले. त्यांनी १९७३ च्या पासपोर्ट फोटोवरून रेखाटन केलं: नऊवारी साडी, हातात सुटकेस, मागे अमेरिकेचा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा. खाली शाळा समितीनं सुचवलेली ओळ, 'जिद्दीची मूर्ती'.

रेखाटन पाहून अक्का म्हणाली, "तुम्हाला त्यात स्वातंत्र्य दिसतं. मला रिकामं अंथरूण दिसतं. हे चित्र लागलं तर मी त्या शाळेची पायरी चढणार नाही." मावशीला फोन केला, तर ती हसली. "मी अजून जिवंत आहे गं. भिंतीवर कशाला टांगतेस?" आई (वय ८५) काहीच बोलत नाही. मैत्रीण विचारते, "जिनं एवढं सोसलं तिचा एकदा तरी मान व्हायला नको का? अक्काची समजूत कशी काढू? की चित्रच रद्द करू?"

प्रिय मैत्रिणी,

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. दुसऱ्या खेपेला हातात पेन्सिल होती. जुनी मास्तरी खोड. शब्दांखाली रेघा ओढत गेले, तर 'स्वातंत्र्य' अकरा वेळा आला आणि 'जिद्द' नऊ वेळा. यातले बहुतेक शब्द तुमचे, थोडे शाळा समितीचे. मावशींचं स्वतःचं बोलणं मात्र सात पानांत दोनच ठिकाणी सापडलं. एक ते फोनवरचं. दुसरं पाचव्या पानावर, तुम्ही जाता जाता लिहून गेलात ते. शिकागोतली तुझी पहिली खोली कशी होती, असं तुम्ही त्यांना पूर्वी कधी तरी विचारलं होतं. त्या म्हणाल्या होत्या, "बारकी होती. पण दाराला आतून साखळी होती."

त्या वाक्यात मला तुमच्या मावशी दिसल्या. बाकी पानांत दिसला तो पुतळाच, आणि चित्रकारांनी बिचाऱ्यांनी तोच काढून दिला.

पिऊन येणाऱ्या नवऱ्याच्या घरात चार वर्षं काढलेल्या बाईला आतून लावता येईल असं दार मिळालं. पहिल्या रात्री त्यांना झोप लागली का? साखळी लावल्यावर पुन्हा एकदा उठून चाचपली का? मुलीची आठवण आली ती दार लावायच्या आधी की नंतर? मला माहीत नाही. पत्रावरून वाटतं, तुम्हालाही माहीत नाही. त्यांच्या आयुष्याला तुम्ही 'स्वातंत्र्य' हे नाव देऊन टाकलंत आणि मग विचारायचं राहून गेलं. घरोघरी असंच होतं, त्यामुळे हा दोष एकट्या तुमच्या माथी मारत नाही.

आता त्या पुतळ्याचं. तो न्यूयॉर्कच्या बंदरात उभा आहे आणि शिकागो तिथून हजार किलोमीटरहून लांब. मावशींनी तो पाहिला १९९४ साली, टुरिस्ट बसमधून उतरून, आणि त्या दिवसाचं त्यांना आठवतं ते एवढंच की पाय फार दुखत होते. हे तुम्हीच लिहिलंय, तरी रेखाटनात पुतळा आहेच! गंमत अशी की पुतळ्याचा आणि मावशींचा एक खराखुरा संबंध आहे, फक्त तो कागदोपत्री आहे. १९४६ च्या कायद्यानं भारतातून अमेरिकेत स्थायिक व्हायला जाणाऱ्यांचा कोटा वर्षाला १०० माणसं इतकाच ठेवला होता. ३ ऑक्टोबर १९६५ रोजी अध्यक्ष जॉन्सन यांनी त्या पुतळ्याच्या पायथ्याशी नव्या कायद्यावर सही केली. जन्मदेश पाहून ठरवलेले जुने कोटे गेले आणि तिकडे ज्यांच्या कामाला मागणी होती, अशा डॉक्टर, इंजिनियर, नर्सना वाट मोकळी झाली. मावशी त्या वाटेनं गेल्या. त्यांना नेलं ते नर्सिंगच्या प्रमाणपत्रानं. आणि त्या ८ डॉलरना तुम्ही 'दारिद्र्याची खूण' म्हटलंय, तेही तितकंसं खरं नाही. देशात परकीय चलनाची अशी चणचण होती की त्या काळात निघालेल्या बहुतेकांना जेमतेम तेवढेच नेता येत. माझ्या ओळखीचे दोन निवृत्त इंजिनियर आहेत, चांगल्या खात्यापित्या घरातले. तेही ८ डॉलरच सांगतात, दर दिवाळीला, न चुकता.

नऊवारी कुठून आली, हे मला कळलेलं नाही. पासपोर्ट फोटोत पाचवारी आहे म्हणता, आणि गेली पन्नास वर्षं मावशी पँट आणि स्वेटर घालतात. परदेशी गेलेली मराठी बाई म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर आनंदीबाई जोशी येतात, त्यातून हे झालं असावं. १८८५ च्या ऑक्टोबरात फिलाडेल्फियात काढलेला तो प्रसिद्ध फोटो तुम्ही पाहिला असेल. आनंदीबाई, जपानची केई ओकामी आणि सीरियाची साबात इस्लामबुली, तिघी वैद्यकीच्या विद्यार्थिनी, तिघी आपापल्या देशाच्या पोशाखात. पण आनंदीबाईंच्या अंगावरची साडी कुणा चित्रकारानं नेसवलेली नव्हती. 'हिंदू म्हणून जाईन, हिंदू म्हणूनच परत येईन' असं त्या निघायच्या आधी, १८८३ साली, सेरामपूरच्या भाषणात सगळ्यांसमोर सांगून गेल्या होत्या. अठराव्या वर्षी केलेला तो निश्चय त्यांनी तिकडे निभावला. तुमच्या मावशींनी वेगळं ठरवलं आणि तेही निभावलं. मग त्यांचा स्वेटर काढून नऊवारी नेसवायची कुणी?

माझ्या माहेरी आजीचं एक तैलचित्र आहे. ती गेल्यावर काकांनी एका फोटोवरून करून घेतलं. फोटोत नाक मोकळं दिसत होतं म्हणून चित्रकारानं टपोऱ्या मोत्यांची नथ घातली. आजीनं नथ मोडली होती माझ्या वडिलांच्या कॉलेजच्या फीसाठी. पुढे कुणी करून देतो म्हटलं तर 'आता नाकाला सवय राहिली नाही' म्हणून तिनं नको म्हटलं. आज घरी येणारा प्रत्येक पाहुणा त्या नथीचं कौतुक करतो. माझ्या भाचरांना तर आजी म्हणजे 'नथवाली'. खरी हकीकत सांगितली की ती मुलं चित्राकडे बघतात, मग माझ्याकडे बघतात, आणि विश्वास चित्रावर ठेवतात. सभागृहात पुतळ्यासमोर सुटकेस घेऊन उभी असलेली नऊवारीतली बाई एकदा लागली, की पुढच्या वीस वर्षांतल्या मुलींना तीच खरी वाटणार. साखळीची गोष्ट कुणी सांगितली तरी ती कुठे बसवायची, हे त्यांना कळणार नाही.

"मी अजून जिवंत आहे गं." हे वाक्य तुम्ही 'मावशीचा नेहमीचा विनय' म्हणून सोडून दिलंत. मी सोडणार नाही. आपल्याकडे एकटं माणूस चौकटीत, जरा उंचावर लागलं, की त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. ते विचारतं, हे कधी गेले? चौकटीबरोबर हार येतो, उदबत्ती येते, दरवर्षी एका ठराविक तारखेला भाषण येतं. एक्क्याऐंशी वर्षांची बाई बहुधा शेवटचं गावी येणार, आणि तिच्या स्वागताला आपण तेच मांडून ठेवणार! त्या हसल्या हा त्यांचा चांगुलपणा. पण नीट ऐकलंत तर त्या 'नको' म्हणालेल्या नाहीत, 'कशाला' म्हणाल्यात. 'कशाला' या प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं आणि ते उत्तर तुमच्याकडे अजून तयार नाही. "तुझा मान व्हावा म्हणून" हे पुरेसं नाही. "तू समोर बसावीस, मला तुझ्याकडे नीट बघायचंय" हे कदाचित चालेल.

अक्कांकडे वळते. तुमचा प्रश्न आहे, 'समजूत कशी काढू'. समजूत काढायची तर आधी गैरसमज झालेला असावा लागतो. इथं मला तो दिसत नाही. नऊ वर्षांच्या मुलीला सकाळी शेजारचं अंथरूण रिकामं दिसलं, यात तिची समजण्यात चूक काय झाली? त्याच आठवड्यात सात समुद्रापार तिच्या आईनं आतून साखळी लावली आणि बऱ्याच वर्षांनी निर्धास्त पाठ टेकली असेल. दोन्ही खरं आहे. एकानं दुसरं खोडायचं नाही. तुम्ही तेव्हा पाच वर्षांच्या होतात. मावशी गेल्या आणि अक्का पूर्णपणे तुमच्या झाल्या. ज्या जानेवारीनं त्यांची आई नेली, तिनंच तुम्हाला हक्काची थोरली बहीण दिली. हे लिहिताना मला जरा धाकधूक वाटते, पण मावशींना थोर ठरवण्याची तुम्हाला जी घाई झालीये तिच्यात याचाही वाटा असू शकेल. नसेल तर सोडून द्या.

एक गोष्ट मात्र तुम्हाला ठाऊक असायला हवी. पत्रात तुम्ही दोनदा लिहिलंय, 'मावशीनं रीतसर घटस्फोट घेऊन मुलीला नेलं असतं तर प्रश्नच नव्हता.' मावशी माहेरी आल्या त्या काळात हे 'रीतसर' इतकं सोपं नव्हतं. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्यात क्रूरतेच्या कारणावरून फक्त न्यायिक विभक्तता, म्हणजे लग्न न मोडता वेगळं राहण्याची मुभा, मिळत असे. मारहाण करतो एवढ्यावर घटस्फोट मागता येऊ लागला तो १९७६ च्या दुरुस्तीनंतर, आणि परस्पर संमतीचा घटस्फोटही त्याच दुरुस्तीनं आला. मावशी तोवर शिकागोत तीन हिवाळे काढून चुकल्या होत्या. मुलीचं म्हणाल तर १९५६ च्या कायद्याप्रमाणे नैसर्गिक पालक म्हणून पहिला हक्क बापाचा, 'त्याच्यानंतर' आईचा. पाच वर्षांखालचं मूल सहसा आईकडे राहील एवढी सवलत होती, पण अक्का तर नऊ वर्षांच्या. 'त्याच्यानंतर' म्हणजे तो मेल्यावरच असं नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं स्पष्ट केलं १९९९ साली, गीता हरिहरन खटल्यात. त्या साली अक्का पस्तिशीच्या होत्या. बापाची सही नाही, या तीन शब्दांमागे हे एवढं होतं.

हे मी तुमच्यासाठी लिहिलं. अक्कांना कलमं वाचून दाखवायला जाऊ नका. एक तर मुख्याध्यापिका होत्या, त्यांना कदाचित माहीतच असेल. आणि कायदा आईच्या बाजूनं नव्हता हे कळल्यानं मोकळं अंथरूण भरत नाही. त्यांच्याकडे जायचं तर काही न मागता जा. चित्राचा विषय तुम्ही काढू नका. त्यांनी काढला तर एवढंच म्हणा की तुला न विचारता मी चित्रकारांना पैसे दिले, ते चुकलं. खरंच चुकलं आहे. ते सभागृह मावशींच्या दोन खोल्यांच्या शेजारी असेल, पण नोकरीची सगळी वर्षं रोज सकाळी प्रार्थनेला तिथं उभ्या राहिल्या त्या अक्का. दुसऱ्याच्या घरात खिळा मारताना आपण विचारतो ना?

आणि आई. पत्रात त्यांच्यावर तीनच वाक्यं आहेत. मावशी त्यांच्याकडे आली, त्यांनी अक्काला वाढवलं, त्या काही बोलत नाहीत. वडिलांनी दोनदा परत पाठवलेल्या बहिणीला तिसऱ्या वेळी दार कुणी उघडलं? आपल्या सासरच्या घरात, १९६० च्या दशकात, 'नवरा सोडून आलेली' बहीण आणि तिची मुलगी ठेवून घ्यायची, म्हणजे सासूचे टोमणे ऐकायचे आणि नवऱ्याची मनधरणी करायची. हे सगळं मी अंदाजानं लिहिते आहे, पण फार चुकत नसेन. शिकागोहून ड्राफ्ट येत होते म्हणता. प्रगतिपुस्तकावर पालक म्हणून सही कुणाची होती? अक्कांना गोवर झाला तेव्हा जागरणं कुणी केली? मावशी जाऊ शकल्या, कारण मागे कुणीतरी राहिलं. आई गप्प आहेत त्या नाराज म्हणून की त्यांना कुणी काही विचारलेलंच नाही म्हणून, ते मला इथून कळणार नाही. तुम्ही एकाच घरात राहता. विचारा.

पण हे वाचून लगेच आईचंही चित्र सांगायला धावू नका, तशी फिटंफाट होत नसते. आणि सगळ्यांचं समाधान म्हणून दोघी बहिणी, मध्ये अक्का, मागे शाळा असलं काही तर अजिबात नको. त्याला ग्रुप फोटो म्हणतात, तो पाचशे रुपयांत होतो. दोघी बहिणींना एकत्र बसायचं असेल तर गोष्ट वेगळी. पुण्यात बालगंधर्व रंगमंदिरासाठी गोपाळ देऊसकरांनी बालगंधर्वांची दोन तैलचित्रं केली, एक पुरुषाच्या वेशातलं आणि एक स्त्री भूमिकेतलं. एका माणसाला एक चौकट पुरली नाही. दोन बहिणींना दोन लागल्या तर नवल नाही, आणि दोघींनी मिळून एकच मागितली तर तेही त्यांचं त्या ठरवतील.

तर आता करायचं काय? चित्र रद्द करा असं मी म्हणणार नाही. आहे तसं पुढं रेटलंत तर अक्का शाळेत यायच्या नाहीत आणि मावशी त्या समारंभात आपल्या मुलीची रिकामी खुर्ची बघत बसतील, ते उघडच आहे. माझा कल असा, की चित्र आणि अनावरण या दोन गोष्टी तुम्ही एकीला एक बांधून टाकल्यात त्या सोडवा. चित्र घरासाठी होऊ द्या. ते पुढं कुठं लागेल, सांगलीत, शिकागोत की ट्रंकेत, हे मावशी ठरवतील. शाळेत खोल्यांबाहेर एक साधा फलक पुरे. त्यावर नाव, जन्मसाल, नर्सिंग कुठं शिकल्या, शिकागोत किती वर्षं नोकरी केली, खोल्या कधी बांधल्या, बस. 'जिद्दीची मूर्ती' नको. जिद्द म्हटलं की आपण पुढचं काही विचारत नाही. फलकाचा मजकूर अक्कांना दाखवा, आणि त्या म्हणाल्या की फलकही नको, तर या वर्षी नको.

चित्रकारांशी सरळ बोला. त्यांची चूक नाही, तुम्ही एक फोटो आणि एक विशेषण दिलंत, त्यांनी त्यातून चित्र उभं केलं. आबालाल रहमान आणि बाबुराव पेंटरांच्या कोल्हापुरात समोर माणूस बसवून काम करणारे चित्रकार आजही मिळतात. यांना ते जमतं का ते विचारा, त्यांनी तसं केलेलं काम बघा. रेखाटनाच्या कामाचे पैसे वेगळे मागितले तर घासाघीस न करता द्या. पुढचं सगळं कागदावर घ्या: आकार किती, बैठका किती, बदल किती वेळा, उरलेले पैसे कधी. आणखी एक, पैसे देऊन करवून घेतलेल्या व्यक्तिचित्राचा कॉपीराइट, वेगळा करार नसेल तर, करवून घेणाऱ्याकडे असतो. तरी चित्रकारांना ते प्रदर्शनात किंवा आपल्या पानावर दाखवायचं असेल तर मावशींना चालेल का, हे आधीच विचारलेलं बरं. अशी चित्रं करवून घेणाऱ्या इतरांनीही हे ध्यानात ठेवावं. भांडणं रंगावरून होत नाहीत, या न बोललेल्या गोष्टींवरून होतात.

बैठकांबद्दल थोडं सविस्तर लिहिते, कारण खरी गंमत तिथं आहे. माझे सासरे एका शेजारच्या चित्रकारासमोर बसले होते. पहिल्या दिवशी छाती काढून, ओठ मिटून, पासपोर्ट फोटोसारखे. दुसऱ्या दिवशी कंटाळले, घड्याळ बघत होते. तिसऱ्या दिवशी खांदे सैल पडले, हात आपोआप मांडीवर आले, अंगठा दुसऱ्या हाताच्या नखावरून फिरायला लागला. चित्रकारानं पहिल्या दोन दिवसांचं काम खरवडून काढलं. आणि सासरे बोलायला लागले, आम्ही कुणी कधी न ऐकलेलं, गिरणीच्या संपातलं, उधारीवर चालवलेल्या दिवसांचं. समोरचा माणूस आपल्याकडे बघतोय पण काही विचारत नाही, असा योग आयुष्यात कितीदा येतो? मावशी बोलतील की नाही याची हमी नाही. तुम्ही मात्र त्या वेळी खोलीत असा, आणि फोन आत ठेवून या. अक्कांना यावंसं वाटलं तर येतील. बोलावणं एकदाच पाठवा.

मावशींचं वय पाहता एका वेळी चाळीसेक मिनिटं पुरे, मध्ये चहा. आल्या आल्या पहिल्या आठवड्यात बसवू नका, प्रवासाची झोप डोळ्यांवर असते. उत्तरेच्या खिडकीजवळ खुर्ची ठेवा. डिसेंबरात सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो, त्यामुळे तिथं थेट ऊन येत नाही आणि उजेड तासन् तास सारखा राहतो. एकदोन फोटोही त्याच खिडकीशी काढून ठेवा, फ्लॅश न वापरता, कॅमेरा डोळ्यांच्या पातळीवर धरून. हातांचा एक वेगळा फोटो घ्या. एकतीस वर्षं इंजेक्शनं दिलेले, चादरी बदललेले हात आहेत ते, चेहऱ्याइतकंच बोलतील. कपडे त्यांचे त्या निवडतील, आणि पार्श्वभूमीही. साखळीचं दार हवं का, हे तुम्ही सुचवायला हरकत नाही, पण एकदाच. त्यांना ते आठवायचं नसेल तर कोरी भिंत चांगली.

ज्यांचं माणूस आता समोर बसू शकत नाही अशा वाचकांचीही पत्रं येतात, म्हणून त्यांच्यासाठी: एका सुबक फोटोवर विसंबू नका. चित्रकाराला पाच-सहा द्या, त्यात हललेला, हसताना डोळे मिटलेला, स्वयंपाकघरातला असेल तर फार उत्तम. ज्यांनी त्या माणसाबरोबर दिवस काढलेत अशा दोघा-तिघांना चित्रकाराजवळ अर्धा तास बसवा आणि त्यांचं आपसात जुळलं नाही तर जुळवत बसू नका. दागिना, कुंकू, टोपी, जे फोटोत नाही ते चित्रात घालायचं असेल तर घरातल्या सर्वांत म्हाताऱ्या माणसाला विचारून घाला.

तैलरंग वाळायला वेळ घेतात, वॉर्निश सहा महिने तरी लावू नये, म्हणजे जानेवारीत समारंभ करायची घाई तशीही जमण्यासारखी नव्हती. मावशींनी चित्र शिकागोला न्यायचं ठरवलं तर ते नीट वाळल्यावर मागाहून पाठवा, जाड नळीवर रंगाची बाजू बाहेर ठेवून गुंडाळून. इथंच राहिलं तर पावसाळ्यात ओल धरणाऱ्या भिंतीवर लावू नका, चौकटीच्या मागे बुचाचे तुकडे चिकटवा म्हणजे हवा खेळती राहील. आणि त्यावर हार घालायचा नाही, उदबत्तीही दुरून. ओल्या फुलांचं पाणी आणि धूर दोन्ही कॅनव्हासला सोसत नाहीत. कुणी आग्रह केला तर हे कारण सांगा, दुसरं सांगायची गरज नाही.

मावशी यायला अजून अवकाश आहे. तोवर अक्कांकडे एकदा जाऊन या, आईशी एकदा बोला, चित्रकारांना फोन करा, या क्रमानं. आणि मावशी ज्या खोलीत झोपणार आहेत तिच्या दाराची आतली कडी नीट बसते का, तेवढं आजच बघून घ्या. जुन्या घरांत पावसाळ्यानंतर दारं फुगतात.